देयकातील 'प्रशासकीय शुल्क' आणि आपण

रुग्णालयाच्या देयकात खोलीभाडे, शस्त्रक्रिया, औषधे व तपासण्या यांच्या खाली एक ओळ अलीकडे हमखास आढळते. कुठे तिला 'प्रशासकीय शुल्क' म्हणतात, कुठे 'फाइल चार्जेस', 'डॉक्युमेंटेशन', 'विमा प्रक्रिया शुल्क' किंवा 'सेवा आकार'. कुठे नुसतेच 'इतर' असे लिहून समोर आकडा मांडलेला असतो. एकूण रकमेच्या मानाने हा आकडा लहान असतो, रुग्णाला घरी जाण्याची घाई असते आणि नातेवाईक चार रात्री जागलेले असतात. त्यामुळे ही ओळ कोणी वाचत नाही. वाचलीच तर ती घरी आल्यावर, पैसे भरून झाल्यावर वाचली जाते.

आणि मग ते देयक वैद्याच्या मेजावर येते. रोडपालीसारख्या वसाहतीत हे विशेष घडते. एका बाजूला कळंबोलीचा लोखंड बाजार व मालवाहतुकीचा व्यवसाय, दुसऱ्या बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि मध्ये सिडकोच्या आखणीतील इमारती अशी ही वस्ती. येथील कुटुंबे मोठ्या आजारासाठी कामोठे, पनवेल, नेरूळ, वाशी येथील रुग्णालयांत जातात आणि पुढील पथ्य, अभ्यंग, बस्ती यांसाठी जवळच्या वैद्याकडे परततात. रुग्ण डिस्चार्ज कार्ड दाखवावयास येतो, त्याच पिशवीत देयकही असते आणि नाडीपरीक्षा आटोपली की प्रश्न येतो, "हे दीड हजार कशाचे घेतले असतील हो, डॉक्टर?" कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्यालाही हाच प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाला "सगळीकडे घेतात" असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते उत्तर अपुरे आहे, आणि आपल्याही देयकांकडे पाहिले तर थोडे अडचणीचेही आहे. म्हणून या विषयाची मांडणी करण्याचे आम्ही योजले.

शुल्क मुळातच गैर आहे काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रशासनाला खर्च येतो हे खरे आहे. नोंदवही ठेवणारा कारकून, विम्याची कागदपत्रे पाठविणारा सहायक, केसपेपर जतन करण्याची खोली यांचा खर्च रुग्णालयास करावाच लागतो. 'प्रशासकीय शुल्क घेऊच नये' असा सरसकट प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे नाही. खाजगी रुग्णालयाचे दर ठरविण्याची शासनाची सत्ताही मर्यादित आहे. कोविडच्या काळात, २१ मे २०२० च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील कमाल दर दिवसाला ४,०००, ७,५०० व ९,००० रुपये (अनुक्रमे विलगीकरण कक्ष, अतिदक्षता कक्ष व कृत्रिम श्वसनासह अतिदक्षता कक्ष) असे बांधून दिले. त्या वेळी स्थानिक संस्थांनी लेखापरीक्षक नेमून देयके तपासली आणि जादा आकारलेल्या रकमा कमी करावयास लावल्या. परंतु त्याच अधिसूचनांतील कोविडेतर रुग्णांसंबंधीचे दरबंधन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये रद्द ठरविले. त्यामुळे सामान्य काळात 'दर जास्त आहे' एवढ्या एका मुद्द्यावर भांडण फारसे टिकत नाही.

टिकणारे मुद्दे वेगळे आहेत. हे शुल्क दाखल होताना सांगितले होते काय? ते कोणत्या कामासाठी आहे हे देयकात लिहिले आहे काय? आणि तेच काम दुसऱ्या एखाद्या ओळीत आधीच मोजले गेले आहे काय? रुग्णाने आपल्याकडे देयक आणले की आम्ही हे तीन प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाशीच खरी मेख असते.

एकच काम दोनदा मोजणे

या मुद्द्यावर सर्वांत उपयुक्त दस्तऐवज आरोग्य विभागाचा नसून विमा नियामकाचा आहे, आणि आपल्या व्यवसायात तो फारसा कोणी वाचलेला नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने आरोग्य विम्याच्या प्रमाणीकरणासंबंधीच्या आपल्या सूचनांत (२०२० सालच्या एकत्रित परिपत्रकात त्या आहेत) रुग्णालयीन देयकातील किरकोळ बाबींच्या चार याद्या दिल्या आहेत. पहिल्या यादीत विम्यातून न मिळणाऱ्या बाबी आहेत. उरलेल्या तिन्ही याद्यांत कोणती बाब कशात सामावलेली धरावी हे सांगितले आहे: दुसऱ्यात खोलीभाड्यात, तिसऱ्यात शस्त्रक्रियेच्या वा प्रक्रियेच्या आकारात, चौथ्यात उपचारखर्चात.

दुसरी यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. दस्तऐवजीकरण वा प्रशासकीय खर्च, फाइल उघडण्याचे शुल्क, डिस्चार्ज प्रक्रियेचे शुल्क, दैनंदिन तक्त्याचे शुल्क, भेटीच्या पासाचे शुल्क, रुग्णाच्या मनगटावरील ओळखपट्टी, चादर, स्वच्छता, वातानुकूलन या सर्व बाबी खोलीभाड्यात सामावलेल्या धराव्यात असे ती सांगते. 'स्पष्टीकरण नसलेले किरकोळ खर्च' ही बाबही याच यादीत आहे. दाखल करून घेण्याचे वा नोंदणीचे शुल्क चौथ्या यादीत आहे. म्हणजे ते उपचारखर्चाचा भाग होय.

याचा व्यवहारातील परिणाम पाहा. विमा कंपनी या ओळींचे पैसे वेगळे देत नाही, कारण तिच्या मते ते खोलीभाड्यात आलेच आहेत. रुग्णालय मात्र तेवढी रक्कम रुग्णाच्या अनामतीतून वळती करते आणि "विम्याने नाकारले, म्हणून तुम्हाला भरावे लागेल" असे सांगते. रुग्ण विमा कंपनीला दोष देतो. वस्तुतः येथे नाकारण्यासारखे काही उरलेलेच नसते. तो पैसा खोलीभाड्याच्या रूपाने एकदा मोजून झालेला असतो.

येथे मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. या याद्या विमा कंपन्यांना उद्देशून आहेत. विमा नसलेल्या रुग्णाशी रुग्णालयाने केलेल्या व्यवहाराला त्या थेट बांधत नाहीत. तरीही, एका वैधानिक नियामकाने 'प्रशासकीय खर्च हा खोलीभाड्याचाच घटक आहे' असे लिहून ठेवले असल्याने, वाद उपस्थित करणाऱ्याच्या हातात तो एक भक्कम आधार असतो. रुग्ण विमाधारक असून रुग्णालय त्या विमा कंपनीच्या जाळ्यातील असेल, तर 'कॅशलेस प्रक्रिया शुल्क' आकारण्याची मुभा उभयतांतील करारात आहे काय, हे रुग्णाने विमा कंपनीस लेखी विचारावे. असे पत्र गेले की पुष्कळदा रुग्णालयाच्या काउंटरवरचा सूर बदलतो.

टक्केवारीने आकारलेले शुल्क

काही ठिकाणी हे शुल्क ठोक नसते. एकूण देयकावर टक्केवारीने 'सेवा आकार' लावला जातो. समजा, एका रुग्णाचे देयक ८०,००० रुपयांचे आहे, त्यात औषधांचे २२,००० रुपये कमाल किरकोळ किमतीनेच लावलेले आहेत, आणि एकूण रकमेवर पाच टक्के सेवा आकार घेतला आहे. म्हणजे सेवा आकार ४,००० रुपये झाला. त्यातील १,१०० रुपये औषधांच्या किमतीवर आकारलेले आहेत. छापील किंमत सर्व करांसह असते आणि तीहून जास्त घेता येत नाही, हे प्रत्येक औषधविक्रेत्यास ठाऊक आहे. कमाल किमतीने विकलेल्या औषधावर पुन्हा पाच टक्के चढविणे म्हणजे मागल्या दाराने कमाल किमतीचे उल्लंघन करणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाद घालताना हा भाग स्वतंत्रपणे मांडावा. तो समोरच्याला सहज समजतो.

आयुर्वेदीय औषधविक्रेत्यांनी येथे आपली बाजूही नीट जाणून घेतली पाहिजे. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ मधील 'फॉर्म्युलेशन' या व्याख्येतून आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधे वगळलेली आहेत. त्यावरून 'आपल्यावर किमतीचे बंधन नाही' असा समज काही ठिकाणी रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. किंमत ठरविण्याचे स्वातंत्र्य उत्पादकास आहे. परंतु आवेष्टनावर एकदा किंमत छापली की वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे विक्रेत्यास तीहून अधिक घेता येत नाही. तेव्हा आसवारिष्टांच्या बाटलीवर 'हाताळणी खर्च' किंवा 'कर वेगळा' म्हणून काही जोडणे चालणार नाही. घरपोच सेवेचे शुल्क आधी सांगून, ग्राहकाने स्वेच्छेने मागितल्यास वेगळे घेता येईल. यूपीआयने पैसे दिल्याबद्दल दोन टक्के जादा मागण्यास तर काहीच आधार नाही, कारण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावर विक्रेत्यालाच तसे शुल्क पडत नाही.

स्वतः बनविलेल्या औषधांची गोष्ट निराळी आहे. आपल्याच रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील उत्पादनविषयक बंधनातून सूट आहे. अशा पुडीवर छापील किंमत नसते. म्हणूनच तेथे देयकात मात्रा व दिवस यांचा उल्लेख अधिक काटेकोरपणे यावयास हवा. 'औषध ६०० रुपये' एवढेच लिहिलेले देयक आणि रुग्णालयाचे 'इतर ६०० रुपये' यांत रुग्णाच्या दृष्टीने फार अंतर नसते.

कायद्याचा आधार

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात ठरविले. आपल्या विषयाशी या निकालाचा एक भाग अगदी जवळचा आहे. जे रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य सेवा देते, तेथे नोंदणीसाठी नाममात्र रक्कम घेतली तरी ती सेवा सशुल्क होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्यापैकी जे सभासद धर्मादाय दवाखान्यांतून सेवा देतात, त्यांना याचा दिलासा आहे. याची दुसरी बाजू अशी की नोंदणीची रक्कम ही न्यायालयाच्या नजरेत एक प्रतीकात्मक रक्कम होती. ती उत्पन्नाचे साधन बनावी असे तेथे कोणाच्या मनात नव्हते.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील 'सेवा' या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्दशः उल्लेख नसल्याने आपण आता सुटलो, अशी चर्चा काही काळ वैद्यकीय वर्तुळात रंगली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती समजूत फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्यामुळे हा विषय आता संपला आहे.

या कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने देयक वा पावती न देणे ही 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. ती पद्धत २०२० च्या सर्वसाधारण नियमांत सांगितली आहे: देयकावर सेवा देणाऱ्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, दिनांक, ग्राहकाचे नाव, सेवेचे वर्णन व मूल्य, आणि स्वाक्षरी असली पाहिजे. 'सेवेचे वर्णन' या शब्दांवर वाचकांनी बोट ठेवावे. 'इतर', 'किरकोळ', 'प्रशासकीय' यांपैकी एकही शब्द सेवेचे वर्णन करीत नाही. ते केवळ रकमेला दिलेले नाव आहे.

याच कायद्यात 'अनुचित करार' अशीही एक संज्ञा आहे. अवास्तव अनामत मागणे, तसेच ग्राहकावर अवाजवी शुल्क वा अट लादून त्याला नुकसानीत टाकणे हे तीत येते. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते. त्यामुळे हजार-दीड हजारांच्या वादात तो मार्ग व्यवहार्य नाही. अनामतीच्या मोठ्या रकमांचा प्रश्न वेगळा आहे. २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती स्त्रीकडे मागितलेल्या अनामतीवरून जे प्रकरण गाजले, त्यानंतर तातडीच्या रुग्णांकडून धर्मादाय रुग्णालयांनी आगाऊ रक्कम मागू नये, अशा सूचना राज्यात निघाल्या.

शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आपल्या राज्यात लागू आहे (केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही). त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. दाखल शुल्क, खाटेचे दैनिक भाडे, डॉक्टरांची भेट, परिचर्या, प्राणवायू अशा पंधरा बाबींचे दर तेथे दिसले पाहिजेत. प्रशासकीय शुल्क त्या फलकावर नसेल आणि देयकात असेल, तर वादाचा पहिला मुद्दा तेथेच हाती लागतो. स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष ठेवावा, असेही हे नियम सांगतात. रोडपाली १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. येथील रुग्णालयाविषयीची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करावी. रुग्णालय वाशी-नेरूळचे असेल तर ती नवी मुंबई महापालिकेकडे करावी लागेल; या दोन महापालिकांच्या हद्दींचा घोळ येथील रहिवासी नेहमी करतात.

केसपेपरची प्रत आणि तिचे मोल

आपल्याकडे पुढील उपचारासाठी येणाऱ्या रुग्णास जुने कागद लागतात. अशा वेळी रुग्णालय 'रेकॉर्ड चार्जेस' मागते, कधी पाचशे, कधी हजार. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे की रुग्णास वा त्याच्या नातेवाइकास कागदांच्या प्रती नाकारता येणार नाहीत. त्या काढून देण्याचा खर्च मात्र घेता येईल. आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी असलेल्या २००२ च्या विनियमांत मागणीपासून ७२ तासांची मुदत आहे. म्हणजे प्रतींचा खर्च मागणे रास्त आहे, परंतु तो प्रतींचा खर्च असला पाहिजे. वीस पानांच्या छायाप्रतींना हजार रुपये लागत नाहीत, हे सांगण्यास वकील नको.

वाद कसा घालावा

रुग्ण अजून रुग्णालयातच असेल तर काउंटरवर आवाज चढवून काही साधत नाही. तेथे बसलेल्या मुलास शुल्क कमी करण्याचा अधिकार नसतो. प्रथम तपशीलवार देयक लेखी मागावे. नंतर 'ही ओळ कोणत्या सेवेची?' असे त्याच देयकाच्या प्रतीवर लिहून व्यवस्थापकाकडे द्यावे आणि पोच घ्यावी. पुष्कळ वाद येथेच संपतात, कारण लेखी उत्तर देण्यापेक्षा दीड हजार कमी करणे व्यवस्थापकास सोयीचे वाटते.

न संपल्यास पैसे भरावेत. घरी जाणे लांबवून उद्याचे खोलीभाडे ओढवून घेण्यात अर्थ नाही. मात्र भरताना पावतीच्या स्थळप्रतीवर 'हक्क राखून, हरकतीसह भरणा' एवढे शब्द लिहून सही करावी. त्यानंतर आठवडाभरात एक पत्र द्यावे. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांना आम्ही साधारण पुढील मजकूर सुचवितो:

"आपल्या रुग्णालयाच्या देयक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यात 'प्रशासकीय शुल्क' या नावे रुपये अमुक आकारले आहेत. सदर शुल्क दाखल होताना मला सांगण्यात आले नव्हते व ते दर्शनी दरपत्रकात नाही. ते कोणत्या सेवेबद्दल आहे याचा उल्लेख देयकात नाही. नोंदणी व खोलीभाडे स्वतंत्रपणे आकारलेले असल्याने त्याच कामाची पुन्हा आकारणी झाली आहे, असे माझे म्हणणे आहे. सदर रक्कम मी हरकतीसह भरली आहे. पंधरा दिवसांत तपशील द्यावा अथवा रक्कम परत करावी."

या पत्रात उपचाराच्या गुणवत्तेविषयी एक शब्दही घालू नये. हे आम्ही मुद्दाम सांगतो. राग आलेला रुग्ण 'परिचारिका उद्धट होती, जेवण थंड होते' हेही त्यात भरतो, आणि मग रुग्णालयाचे उत्तर जेवणाविषयी येते.

रुग्ण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली दाखल झाला असेल तर प्रकरण अधिक सरळ आहे. योजनेतील उपचारासाठी अंगीकृत रुग्णालयाने लाभार्थ्याकडून काहीच घ्यावयाचे नसते, फाइलचे शुल्कही नाही. अशा वेळी रुग्णालयातील आरोग्यमित्रास किंवा १५५३८८ या क्रमांकावर लगेच कळवावे.

पत्रास उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (१९१५) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास आयोगात फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. जुन्या कायद्यात रुग्णालय ज्या जिल्ह्यात असेल तेथे जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येते. रोडपालीकरांसाठी ते म्हणजे अलिबाग. वाशीच्या रुग्णालयाविरुद्ध अलिबागला जाणे हे अंतराच्या दृष्टीने उलटेच आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्याचा पर्यायही मोकळा आहे हे ध्यानी ठेवावे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते व दूरदृश्य सुनावणीची विनंतीही करता येते.

दीड हजारासाठी कोणी एवढे करील काय? क्वचितच. परंतु आयोगात जाण्याची तयारी असलेल्या रुग्णाचे पत्र वेगळे वाचले जाते, आणि रुग्णाला ती तयारी देणारा माणूस बहुधा त्याचा वैद्य किंवा औषधविक्रेताच असतो.

आपल्या दारातील फलक

आता थोडे आपल्याविषयी. विमा नियामकाच्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने वागवावयाचे आहे. म्हणजेच आपल्या पंचकर्म रुग्णालयांची देयके यापुढे त्याच चार याद्या हाती धरून वाचली जाणार. 'पंचकर्म नोंदणी ५००', 'फाइल २००', 'आहारतक्ता १५०' अशी देयके आमच्या पाहण्यात आली आहेत. यांतील नोंदणी व फाइल या ओळी विमा कंपनी एका झटक्यात खोडील, आणि रुग्ण आपल्यालाही तोच प्रश्न विचारील.

दवाखान्याच्या देयकावर 'जीएसटी' अशी ओळ असण्याचेही कारण नाही. मान्यताप्राप्त वैद्यकाची उपचारसेवा करमुक्त आहे आणि आयुर्वेद त्यात आहे. दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याची खोली हा २०२२ पासूनचा अपवाद. ज्याची नोंदणी नाही त्याने कर म्हणून काही वसूल करणे हा तर कायद्याचा भंग आहे.

औषधविक्रेत्यांना जिव्हाळ्याची आणखी एक बाब. रुग्णालयाच्या आवारातील दुकानातूनच औषधे घेण्याच्या सक्तीविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होती. मार्च २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने सरसकट आदेश दिला नाही. धोरण ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. ज्यांची दुकाने रुग्णालयाबाहेर आहेत त्यांनी या सक्तीविरुद्ध बोलताना, आपल्या पंचकर्म केंद्रात 'तेल येथूनच घ्यावे लागेल' असा नियम तर नाही ना, हेही पाहावे. स्नेहनाचे द्रव्य वैद्याच्या देखरेखीखालचे असावे हे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय आहे. तसे असेल तर ते कारण रुग्णास आधी सांगावे व द्रव्याची किंमत वेगळी लिहावी.

वाग्भटाने रुग्णाच्या चार गुणांत 'आढ्य' म्हणजे सधन असणे मोजले आहे; चरकाच्या यादीत तो गुण नाही. या भेदावर आपल्या परिषदांतून विनोद होत असतात. चिकित्सा हा विक्रीचा माल मानणाऱ्याविषयी चरकाने चिकित्सास्थानात काय म्हटले आहे, ते मात्र त्या विनोदांत फारसे येत नाही.

परदेशांतही हा वाद आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून विमा नसलेल्या रुग्णास आगाऊ अंदाजपत्रक द्यावे लागते, आणि एखाद्या सेवादात्याचे देयक अंदाजाहून ४०० डॉलर किंवा अधिकने वाढले तर रुग्णास ते तटस्थ यंत्रणेकडे नेता येते. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही, पण अंदाजपत्रक देण्यास कोणी अडविलेले नाही. सात दिवसांच्या बस्तिक्रमास येणाऱ्या रुग्णाला पहिल्याच दिवशी अर्ध्या पानाचा कागद देता येतो: वैद्याचे शुल्क, परिचारकाचे शुल्क, तेल व काढ्याची मात्रा आणि किंमत, खोली असल्यास तिचे भाडे, ठरलेला दिवस रुग्णाने ऐनवेळी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, आणि शेवटी 'इतर' या शब्दासमोर 'निरंक'. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत रुग्णाकडे.